कानाची मशीन

"आली बघा भैरी. हिला कायबी म्हणा, नुसते दात काढती."

मुकादम बोलला आणि गोदामाच्या दारातले दोन हमाल हसले. मी पण हसले. त्या दिवशी मला ऐकू आल्तं, तरी तोंड आपोआप हसून गेल्तं. सात वर्षांची सवय.

मंग तो म्हणाला, "हे जयभीमवाले सगळेच असे पायजे होते. ऐकायचं न्हाई, बोलायचं न्हाई. किती निवांत."

हे पण ऐकू आलं. शब्द न् शब्द. मी आत जाऊन माझ्या जागेवर बसले. रडू आलं न्हाई. राग पण न्हाई. हात जवारीचं बी निवडून राह्यले होते. खडा बाजूला, फुटका दाणा बाजूला. मी नुसती हातांकडं बघत होते.

नवीन जालन्यात, स्टेशनाच्या अंगाला, ते बियाण्याचं गोदाम होतं. आम्ही अकरा बाया बी निवडायचो. मी मूळची पिंपळगाव रेणुकाईची. चौदा वर्षांची असताना ताप आला. उतरला तेव्हा कान गेल्ते. पार गेले न्हाई, पण कुणी कानाशी येऊन ओरडलं तरच भिंतीपलीकडून आल्यासारखं काहीतरी यायचं. गुरुजी म्हणाले, हिला आता घरीच ठेवा. मी ते ऐकलं न्हाई. बाच्या तोंडाकडं बघून कळलं.

पुढं लग्न झालं, नवऱ्यानं टाकलं, मी आई-भावाकडं परत आले. धाकटा भाऊ मास्तर झाला. त्यानं पेपरात वाचलं की आता खिशात मावणारी कानाची मशीन निघालीय. मला एस्टीनं औरंगाबादच्या दवाखान्यात घेऊन गेला. तीन खेपा झाल्या, तेव्हा मशीन मिळाली. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला बटण. डबा पोलक्यात, बटण कानात. डॉक्टरनं डब्यावरची आवाजाची चक्री फिरवली.

आधी पोलक्याच्या कापडाची खरखर आली. मंग एक बाप्या बोलला, "ताई, येतं का?"

वळून बघितलं तर भाऊ. त्याचा आवाज मी ऐकला होता तो सहा वर्षांचा असताना. हा आवाज मला वळखू आला न्हाई.

महिनाभर भावानं रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवलं. मशीन सगळंच आत आणायची. भांडं, कावळा, माणूस, एकाच ढिगात. त्यातून बोलणं वेचायला वेळ लागला. पण जमलं. मागून टांग्याची घंटा वाजली की मी बाजूला व्हायला लागले. एकदा आईनं चुलीपासून हाक मारली आणि मी "काय गं" म्हणाले. ती पिठाचे हात तसेच घेऊन उभी राह्यली.

मंग मी मशीन लावून कामावर गेले. पदराखाली कुणाला दिसली न्हाई. सुरुवातीला सांगितला तो हाच दिवस.

आठ दिवस मी नुसतं ऐकत राह्यले. मुकादम रोज एक काढायचा. माझ्या अंगावरून. जातीवरून. नवऱ्यानं टाकलं त्यावरून. तोंडावर, हसत, हालहवाल विचारावी तसं. सात वर्षं मला वाटत होतं, माणूस बरा हाय, रोज दोन शब्द बोलतो.

माझ्या शेजारी शेवंता बसायची. आमच्याच वस्तीतली. जेवताना मी तिला विचारलं, "हा कधीपासून असं बोलतो?"

तिचा घास थांबला. "तुला ऐकू येतं?"

"येतं."

"पहिल्यापासून."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगून काय व्हायचं व्हतं? मला वाटलं, आमच्यातल्या एकीला तरी सुख हाय."

मी भाकर खाल्ली.

नवव्या दिवशी पदर सरकला आणि मुकादमाला वायर दिसली. तो जल्दी जाऊन शेठला घेऊन आला. शेठ कधी शिवी देत नसे. शांतपणे म्हणाला, "बाई, हे घरी वापर. इथं काढून ठेवायचं. बहिरी म्हणून तर तुला ठेवली. आम्हाला कटकट नको."

दहा बायांची सुपं थांबली.

मी उठले. म्हणाले, "न्हाई काढणार." माझा आवाज केवढा मोठा निघतो ते मला तेव्हा कळलं. पत्र्याला लागून माझ्याच कानात परत आला. मंग मुकादमाकडं बघून त्याचं आठ दिवसांचं बोलणं एकेक करून म्हणून दाखवलं. त्याच्याच शब्दांत. शेठसमोर, बायांसमोर. काही गाळलं न्हाई. माझ्या अंगावरून बोलला ते पण न्हाई. रडले न्हाई, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं.

मुकादम खाली बघत होता. शेठ म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

मी चपला घातल्या. कुणी उठलं न्हाई. शेवंता पण न्हाई. तिचा मला राग न्हाई. तिच्या घरी खाणारी तोंडं होती.

घरी आले. जेवले. झोपले. जिंकल्यासारखं काही वाटलं न्हाई.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या गोदामात काम मागायला गेले. वायर दिसावी म्हणून पदर मुद्दाम मागं घेतला. तिथल्या मुकादमानं विचारलं, "हे काय?"

"कानाची मशीन. मला ऐकू येतं. कुणी वंगाळ बोललं तर तिथंच जाब विचारणार. ठेवायचं तर ठेवा."

त्यानं ठेवलं न्हाई. तिसऱ्या ठिकाणी ठेवलं.

मशीनची बॅटरी औरंगाबादहून आणावी लागते. जपून वापरावी लागते. म्हणून घरी मी ती बंद ठेवते. आई हातानं खुणा करते, भाऊ पाटीवर लिहून दाखवतो. तिथं मला भागतं.

गोदामाच्या दारात चक्री पूर्ण फिरवते. मंग आत जाते.