मामांचं लिंबू आणि खडवलीचा उतार

कल्याण, डोंबिवली आणि हवं तर अख्खं ठाणं धरा, एवढ्या मुलखात जमीन खरोखर सपाट कुठे आहे हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. माझ्या बायकोच्या मामांना. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लिंबू असे. कुठेही गेले की ते आधी जमिनीवर ठेवायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. आमच्या लग्नात मी हार घेऊन ताटकळत असताना मामांचं लिंबू हॉलभर फिरून भटजींच्या मांडीखाली शिरलं आणि मंगलाष्टकं अर्ध्यात अडकली. मामा शांतपणे म्हणाले, "हॉल कललाय." गोटी का नाही वापरत, असं मी एकदा विचारलं होतं. "गोटी उगाच पळते," ते म्हणाले. "लिंबू विचार करून पळतं."

या वेडाचं मूळ मामी. लहानपणी पोलिओने पाय गेलेले, पण चाकांच्या खुर्चीतून सगळ्या बिल्डिंगवर राज्य करायच्या. एकदा आम्ही भाचेमंडळींनी त्यांना सहलीला खडवलीला नेलं आणि नदीच्या पायऱ्या लागल्यावर खुर्चीसकट उचललं. अर्ध्या वाटेत मामी कडाडल्या, "ठेवा खाली. मी काय रुखवताचं ताट आहे? माझ्या चाकांनी जाता येईल तेव्हाच नदीत पाय घालीन." आणि पाण्याचा थेंबही न शिवता परतल्या.

झालं. दर रविवारी मामा पिशवीभर लिंबं घेऊन खडवलीत. पायऱ्यांच्या बाजूने मातीचा उतार काढायचा बेत. जिथे लिंबू अंगात आल्यासारखं धावेल तिथे वळण द्यायचं, म्हणून खुणेला लिंबू तिथेच ठेवून भोवती चुन्याचं रिंगण आखायचं आणि संध्याकाळी घरी. सोमवारी गावातल्या बायका पाण्यावर आल्या तर वाटेवर ओळीने लिंबं आणि पांढरी रिंगणं. गावाने नदीची वाटच सोडली. बकऱ्याही वळसा घालू लागल्या आणि मासे म्हणे डोकं वर काढून बघून जात.

अखेर गावाने मामांना धरलं. एका आजींनी विचारलं, "भाऊ, ही करनी कुनासाठी?" मामा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. म्हणाले, "बायकोसाठी." त्या दिवशी ते धडधाकट परतले, ते केवळ पुढच्या रविवारी बायकोला हजर करायच्या बोलीवर.

रविवारी मॅटाडोरमधून मामी उतरल्या. सगळं गाव जमलेलं. मामींनी खुर्चीतून वाकून रिंगणातलं लिंबू उचललं. गाव दोन पावलं मागे सरकलं. मामींनी ते चिरलं, तांब्यात पिळलं आणि पिऊन टाकलं.

"साखर हवी होती," म्हणाल्या.

आजी पदराआड हसल्या आणि घरून साखर घेऊन आल्या. करणीच्या लिंबांचं सरबत मग गावभर झालं. ते पिता पिता मामांनी उतार समजावला आणि ऊन कलायच्या आत कुदळी बाहेर निघाल्या.

उतार तयार झाला त्या दिवशी मामांनी माथ्यावर लिंबू ठेवलं. ते थबकलं, विचारात पडलं, मग सावकाश निघालं. त्यामागून मामी, आपल्याच हातांनी चाकं आवरत. पाण्याशी थांबल्या आणि हातांनी पाय उचलून नदीत सोडले.

"अहो, तुम्हीही या ना," मग म्हणाल्या.

मामा चपला काढायला वाकले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतके रविवार नदीकाठी काढून या माणसाने पाण्यात पाऊल बुडवलं नव्हतं.

"गार आहे गं," मामा म्हणाले.

पुढे वर्तकनगरपासून शीळफाट्यापर्यंतच्या खुर्च्या आणि कुबड्या त्या उताराने नदीवर येऊ लागल्या. आता मामा-मामी दोघंही नाहीत. परवा खडवलीला गेलो, तर पावसात वाहून गेलेला उतार गाव पुन्हा बांधत होतं. ओल्या मातीच्या मधोमध एक लिंबू विचार करत बसलं होतं.