गोलकीपरच्या चार सह्या

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे विसरलो, पण चार चौकोनी भोकं पडलेलं ते रजिस्टर काही विसरता आलं नाही.

लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. गारखेड्याच्या बाजूला शहर भराभर वाढत होतं. घरं आधी उभी राहिली, नळ मागून येणार होते. तोवर टँकर. टँकर रिकामा झाला की वस्तीतल्या एका जबाबदार माणसानं ड्रायव्हरच्या रजिस्टरवर सही करायची, तरच ती खेप धरली जायची. अशा एका रजिस्टरमधल्या चार सह्या कापलेल्या निघाल्या. शेजारच्या रकान्यात चारही ठिकाणी नाव एकच, वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचं, आणि तो तोवर वारला होता. त्याच्या आधीच्या सगळ्या खेपांवर अंगठा होता.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा हिशेब सरळ होता. "अंगठेवाला माणूस सही कशी करील? ड्रायव्हरनं पाणी बाहेर विकलं, खोट्या सह्या ठोकल्या आणि तपासणी येताच कापल्या."

ड्रायव्हर निलंबित झाला होता. ठाण्यात तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, पाणी टाकलं हो मी. वस्तीतल्या बायांना इचारा. नोकरी गेली तर लेकरं गावाकडं न्यावी लागतील, अन् तिथं प्यायलाबी नाय."

बायांना विचारलं. पाणी यायचं म्हणाल्या, पण महिन्यांपूर्वीची नेमकी तारीख कोण सांगणार?

मी घराण्यातला पहिला पदवीधर. कागद वाचायचा मला कधी कंटाळा आला नाही. ते रजिस्टर दोन दिवस टेबलावर ठेवलं. कापाची कड पट्टी लावल्यासारखी सरळ होती. घाबरलेला माणूस पान फाडतो, असं निगुतीनं कापत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी लष्करी छावणीच्या भागातल्या आमच्या खबऱ्यानं, म्हणजे एका चहावाल्यानं, सांगितलं, "साहेब, बाइंडिंगवाले चाचा पत्ते बनवतात. वर खेळाडूचा फोटो, खाली खरी सही कापून चिकटवलेली." प्लॉटच्या बनावट कागदांचे ते दिवस. सही म्हटलं की आमचे कान टवकारायचे. शिवाय पाणीपुरवठ्याची भरलेली रजिस्टरं याच दुकानात बाइंडिंगला जात, हे कारकुनाकडून कळलं.

दुकानात हॉकीच्या जुन्या संघाचे दहा पत्ते सापडले. जाड पुठ्ठा, कडेला कापडाची पट्टी, संघाच्या फोटोतून कापलेला चेहरा, त्याखाली छोटी खिडकी आणि खिडकीत सही. कोणाची पोस्टकार्डावरून कापलेली, कोणाची मॅचच्या कागदावरून. अकरावा पत्ता टेबलावर होता, शेजारी सह्यांचे आणखी तीन कापलेले तुकडे. खिडकीतलं नाव आमच्या रजिस्टरमधल्याच म्हाताऱ्याचं, चेहरा तरुणपणीचा, कडेला लिहिलेलं 'गोलकीपर'.

ठाण्यात हवालदारानं चाचांवर आवाज चढवला. मी चहा मागवला आणि विचारलं, "गोलकीपर कसा होता?"

"लई जिगरवाला, साहेब. पॅड कुठले? पायाला पोतं बांधून उभा राहायचा. पण मॅचच्या कागदावर आमच्या दहा सह्या अन् याचा अंगठा. पोरं हसायची. म्हातारपणी म्हणतो, 'यार, वस्तीनं टँकरचं रजिस्टर माझ्या हाती दिलं, आता अंगठा शोभत नाही.' शिकला बिचारा. चार खेपांवर सही केली अन् गेला. दुनियेत त्याच्या चारच सह्या, साहेब. कोणती बरी दिसते बघायला चारही कापल्या."

"सरकारी रजिस्टर होतं ते."

"भरलेलं रजिस्टर बाइंडिंग होऊन कपाटात जातं. चाळीस वर्षं बघतोय, कोणी उघडत नाही. मला वाटलं, कागद मेला."

"त्या कागदावर एका ड्रायव्हरची भाकरी आहे, चाचा."

त्यांना हे ठाऊकच नव्हतं. चेहरा उतरला. त्यांनी ओला फडका मागितला. "खळीनं चिकटवलंय. गोंद असता तर निघालं नसतं." पत्त्यावरची सही त्यांनी स्वतःच्या हातानं अलगद सोडवली. पंचांसमोर चारही तुकडे चारही भोकांत बरोबर बसले.

तरी पाणीपुरवठ्याचे साहेब अडून बसले. सही त्या म्हाताऱ्याचीच, हे कशावरून?

मी गोलकीपरच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पिठाच्या डब्यामागून एक वही काढली. पानंच्या पानं एकच नाव गिरवलेलं. "कोणाला दाखवू नको म्हणायचे. म्हातारा शाळंत चालला म्हणून लोक हसतील म्हणं."

रजिस्टरमधली सही आणि वहीतली सही, वळण तेच. ड्रायव्हर पुन्हा टँकरवर चढला. चाचांचा हेतू वाईट नव्हता असं मी अहवालात लिहिलं. समज देऊन त्यांना सोडलं, पण सरकारी बाइंडिंगचं काम त्यांच्या हातून गेलं ते गेलंच.

वही परत द्यायला गेलो तेव्हा चाचा बरोबर होते. मान वर करेनात. बाईंनी वही उघडून कात्री पुढं ठेवली. "भाईसाब, तुमच्या पत्त्यावर जागा रिकामी राहिली म्हणं. हे पान नका घेऊ, इथं हात थरथरलाय त्यांचा. हे घ्या."

आयुष्यभर कागद कापलेल्या माणसानं कात्री तिच्याकडं सरकवली. "आप काटो, भाभी."

तिनं कापली.

गुन्ह्यामागं लोभ शोधायची आम्हाला सवय. माणूस मायेपोटीही कायदा मोडतो, आणि त्या मायेचा फटका भलत्याच्याच घराला बसतो, हे मला या केसनं शिकवलं. आणखी एक सवय लागली. या केसआधी जबाब संपला की मी "सही की अंगठा?" असं विचारून कागद पुढं ढकलायचो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, पेन हातात धरून अडखळणारा कोणी समोर आला की मी म्हणायचो, "करा सावकाश. मला घाई नाही."