मठाच्या मुदपाकखान्यातलं आधण

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त चुका काढण्यासाठी वाचत आले. एका ओळीत अमावस्या असते आणि पुढच्या ओळीत अंगणात चांदणं पडलेलं असतं... असल्या चुका. घरात माझी ख्याती अशी, की मला भूत भेटलं तर मी आधी त्याचं ओळखपत्र मागेन. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते भर दुपारी, चौदा माणसांसमोर घडलं, आणि त्यातली अकरा जर्मन होती. म्हणजे उगाच होला हो करणारी नव्हेत.

२०१७ चा सप्टेंबर. मी आणि माझा नवरा नीलेश हायडेलबर्गला राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर. माझे सासरे, अण्णा, कोल्हापूरकडून महिनाभरासाठी आले होते. अण्णा गुळव्या आहेत. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो; ती काहील चुलवाणावरून नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर अख्खं आधण, म्हणजे काहिलीतला सगळा रस, करपतं. थर्मामीटर वगैरे काही नाही. रंग बघायचा, आणि वास. आसपासच्या गावांतली गुऱ्हाळं अण्णांच्या नाकावर चालायची.

ते नाकच गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका तापात अण्णांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. तरी एक हंगाम त्यांनी नुसत्या रंगावर रेटला. पुढच्या हंगामात एक आधण करपलं. कोणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते गेलेच नाहीत. आता गुऱ्हाळमालक बापूंनी फोनवर विचारलं होतं, ‘‘अण्णा, दसऱ्यापर्यंत सांगा. येताय, का दुसरा माणूस बघू?’’ दसरा महिनाअखेरीला होता. अण्णा दिवसभर आमच्या बाल्कनीत बसून समोरच्या कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांकडे बघत राहायचे.

नीलेशचा यावर उपाय म्हणजे स्थलदर्शन. एका शनिवारी आम्ही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, नेकार नदीच्या वरच्या अंगाला निघालो. देखणा प्रदेश आहे, नाही म्हणवत नाही. दोन्ही बाजूंना जंगलाचे डोंगर, मध्ये संथ नदी, आणि जरा वळण आलं की किल्ला. प्रत्येक किल्ल्यात एक चिलखत, आणि चिलखतामागचा सरदार किती शूर होता हे सांगणारी एक पाटी. नदीवरच्या नावा अडवून जकात उकळण्याला इतकं भारदस्त नाव देता येतं, हे मला तिथेच कळलं.

नेकारश्टाइनाखला तर एकाच गावाच्या डोक्यावर चार किल्ले आहेत. अण्णांनी कपाळावर हात धरून मोजले.

‘‘चार गढ्या? एका गावाला?’’

‘‘हो अण्णा.’’

‘‘भावकी असणार.’’

मी पाटी वाचली. खरोखरच एकाच घराण्याच्या शाखा होत्या. वाटण्या होत गेल्या आणि प्रत्येकाने आपापला किल्ला बांधला. हे सांगितल्यावर अण्णा आल्यापासून पहिल्यांदा हसले. ‘‘बघ. म्हटलं न्हवं?’’

दुपारी बसने बाजूच्या खोऱ्यातला एक जुना मठ गाठला. नाव देत नाही, कारण तिथल्या गाइडबाईंनी तशी विनंती केली आहे. त्या निवृत्त शिक्षिका. मठाधिपतींची नावं त्यांनी हजेरी घेतल्यासारखी एका दमात म्हटली. तासाभराने आम्ही स्वयंपाकघरात आलो. लांबट, कमानीच्या छताची खोली, अर्धी डोंगरात घुसलेली. डाव्या हाताला कठडा आणि दिवे लावून मांडलेली चूल. उजव्या हाताला कोरी पांढरी भिंत. बाई म्हणाल्या, इथे मठातले सेवक पेअर नावाच्या फळाचा रस मोठ्या तांब्याच्या कढयांत घट्ट होईपर्यंत आटवत असत.

मी अण्णांना सांगितलं. ‘‘म्हंजे गुऱ्हाळच की,’’ ते म्हणाले, आणि मान वळवून त्या कोऱ्या भिंतीकडे बघायला लागले. मग चार पावलं पुढे गेले. आणि ओरडले.

‘‘जाळ काढा! करपायलंय! काहील उतरा आधी!’’

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घरातला नव्हे, गुऱ्हाळाच्या आवारातला. कमानींनी तो तीनदा परत केला. अकरा जर्मन जागच्या जागी थिजले.

‘‘अण्णा, अहो हळू!’’ नीलेश दबक्या आवाजात म्हणाला. ‘‘मठ आहे हा.’’

‘‘मठ असू दे न्हाईतर काय असू दे! आधण जायलंय तिथं!’’

उजवा हात वर धरून ते उभे राहिले. अर्धा मिनिट असेल. मी जोरात श्वास घेऊन बघितला... ओला चुना, बाकी काही नाही. मग अण्णांचा हात हळूच खाली आला.

‘‘उतरवली,’’ ते म्हणाले.

‘‘कोणी?’’ मी विचारलं.

‘‘मला काय ठावं? पर उतरवली. वास थांबला. उसाचा न्हवता, कसल्या तर फळाचा. तळाला जरा लागलंय, पर आधण वाचलं.’’

गाइडबाई आमच्याकडे आल्या. आता माफी मागायची, म्हणून मी वाक्य जुळवत होते. पण त्यांनी विचारलं, हे गृहस्थ काय करतात? आता खरं सांगते. तोवर कोणी विचारलं की मी ‘साखर उद्योगात होते’ असं एक गुळगुळीत उत्तर द्यायचे. त्या दिवशी ते तोंडातून आलंच नाही. मी गुळव्या म्हणजे काय ते सगळं सांगितलं, नाक गेल्याचंही. बाई हसल्या नाहीत.

‘‘बाईस्नी सांग,’’ अण्णा म्हणाले, ‘‘चुलवाण हितं हाय. त्या दिव्याखाली न्हाई. ते नुस्तं हात शेकायचं.’’

ही साधी भिंत आहे हे त्यांना दाखवावं, म्हणून मी तिच्यावर तळवा ठेवला. भिंत गरम होती. पोळ्या झाल्यावर शेगडीशेजारचा ओटा असतो ना, तशी. मी बाईंना खुणेने जवळ बोलावलं. त्यांनी हात लावला.

‘‘आल्झो... म्हणजे...’’ त्या म्हणाल्या, आणि हात पटकन मागे घेऊन पुन्हा लावला.

ऊन? या भिंतीमागे डोंगर आहे. हीटिंगचा पाइप? इथे खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, त्या म्हणाल्या. एवढ्यात नीलेश, चारचौघांत झालेली शोभा गिळून, तिथे आला आणि शास्त्रशुद्धपणे दोन्ही तळवे टेकवून म्हणाला, ‘‘गारच आहे की.’’ तोवर खरंच गार झाली होती.

बसस्टॉपवर अण्णांनी माझा फोन मागून घेतला. ‘‘बापू, येतोय म्हणून लिहून ठेव,’’ एवढंच बोलले. आनंदाने मी परतीच्या गाडीत त्यांच्या नाकाशी कॉफी धरली. काही नाही. घरी उदबत्ती, हिंग, शेवटी चक्क व्हिनेगर. काही नाही! वास परत आलेलाच नव्हता.

नाक-कान-घसा तज्ज्ञ असलेल्या मैत्रिणीने सांगितलं, की वास गेलेल्यांना कधीकधी नसलेले वास येतात, त्यात करपल्याचा जास्त. मी हे निमूटपणे मान्य करते. पण नसलेल्या वासाने भिंत कशी तापेल? आणि तळवे तर दोन बायकांचे होते, त्यातली एक मी. पुढच्या वसंतात गाइडबाईंची ईमेल आली: ओल आली म्हणून त्या भिंतीचा गिलावा काढला, तर आत काळे पडलेले दगड आणि बुजवलेलं चुलीचं तोंड निघालं. अण्णांनी छतावरची काजळी बघून अंदाज बांधला असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोली पांढरीशुभ्र रंगवलेली होती, हे आठवेपर्यंत.

त्याआधी, जानेवारीत, आम्ही गावी गेलो होतो. हंगाम भरात होता आणि अण्णांच्या हाताखाली एकही आधण बिघडलेलं नव्हतं. काहिलीजवळ डोळे मिटून, मान तिरकी करून ते उभे होते.

‘‘वास तर येत नाही. मग कळतं कसं, अण्णा?’’

‘‘आवाज बदलतोय की रसाचा. नाक हुतं तवा कान कोण लावतंय?’’

‘‘आणि मठात? तिथे वास कसा आला?’’

‘‘ते मला ठावं न्हाई, आनि तुझ्या पुस्तकांतबी न्हाई.’’ त्यांनी डोळे उघडले. ‘‘नाक गेल्यावर वाटलं पोरी, आपलं आता कोण ऐकतंय. तिथं ओरडलो आनि त्यांनी जाळ काढला. कुठली मानसं, कुठला मुलूख... पर माझं ऐकलं.’’

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. शोधणं सोडलेलं नाही, एवढंच सांगू शकते.

तेवढ्यात त्यांनी हात वर केला. काहिलीभोवतीचे आठ गडी दांड्यांना हात लावून, श्वास धरून त्या हाताकडे बघत राहिले. मी मागे सरकले आणि रस प्यायला आलेल्या एका अनोळखी बाईंना, त्यांनी काही विचारलेलं नसताना, सांगितलं, ‘‘ते माझे सासरे.’’