इर्माबाईंचा गोलकीपर कुठे दिसेल?

हेरन फॉल्समध्ये हॉकी म्हणजे बर्फावरचीच. गवतावरही खेळतात, असं कोणी सांगितलं तर इथले लोक सहानुभूतीने ऐकून घेतात. गावात कागदाची गिरणी आहे, तिची एकच पाळी उरली आहे. चर्च तीन आहेत, त्यांचीही साधारण तीच गत. पण ज्युनियर संघाच्या सामन्याला हिवाळाभर बसायला जागा मिळत नाही.

या संघात सोळा-सतरा वर्षांची मुलं लांबच्या प्रांतांतून येतात आणि गावातल्या घरांत राहतात. घरच्या बाईने त्यांना खाऊ घालायचं, शाळेसाठी उठवायचं, हरून आले तर काही विचारायचं नाही आणि जिंकून आले तर फार विचारायचं नाही. दोन वर्षांनी मुलगा बॅग उचलून जातो. बहुतेक मुलं पुढे सुतार होतात, विमा विकतात, पोलिसात जातात. एखादाच मोठ्या लीगमध्ये पोचतो, आणि मग ‘तो आमच्या घरी राहायचा’ असं सांगणारी घरं गावात एकाएकी वाढतात.

इर्मा लाहटिनेन यांच्या घरी टेट वीब खरोखरच राहिला होता, म्हणून त्या कोणाला सांगत नसत.

इर्माबाईंनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. घराणं फिनिश, त्या घरात बोलणं दागिन्यासारखं सणावारीच बाहेर निघायचं. टेट दूरच्या सास्काचेवान प्रांतातल्या गव्हाच्या शेतातून आलेला, तोही तसाच. पहिला हिवाळा त्याने ‘हो’, ‘नको’ आणि ‘थँक्यू, मिसेस एल’ एवढ्या भांडवलावर काढला. मग एका संध्याकाळी धुतलेले कपडे घड्या करताना इर्माबाईंनी मोज्यांच्या एका जोडीचा गोळा केला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या टेटकडे फेकला. त्याने पुस्तकातून डोकं वर न काढता डाव्या हाताने झेलला. त्यांनी दुसरा फेकला, जरा खाली. तोही झेलला. त्यानंतर दोन वर्षं रोज हेच चाललं. दोघांचा संवाद एवढाच, आणि मी पाहिलेल्या कित्येक संसारांत एवढाही नसतो.

या कौतुकाला एक काटा होता. शेजारच्या त्रेपानिए या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबाच्या घरी त्याच वर्षी रेमी नावाचा मुलगा राहत होता. तोही गोलकीपर. संघात गोलकीपर दोन असतात आणि जाळं एकच. टेटला जाळं मिळालं, रेमीला नाताळच्या सुट्टीतच घरी धाडलं. आर्मां त्रेपानिए आणि त्यांची बायको घिस्लेन यांचं त्या पोरावर पोटच्यासारखं प्रेम होतं. निर्णय प्रशिक्षकाचा होता, पण प्रशिक्षक दुसऱ्या गावी राहायचा आणि इर्माबाई कुंपणापलीकडे. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. मधे घिस्लेन वारली, तेव्हा इर्माबाईंनी वेलदोड्याचा गोड पाव त्यांच्या पायरीवर ठेवला. आर्मां यांनी थाळी धुऊन कुंपणावर ठेवली. शब्द नाही.

यंदा जानेवारीत रेडिओवर बातमी आली की टेट वीबची राष्ट्रीय लीगच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली. दुसऱ्या दिवशी इर्माबाई माझ्या औषधांच्या दुकानात आल्या आणि खोकल्याचं औषध मागावं तशा आवाजात म्हणाल्या, “ऑल-स्टारचा सामना टीव्हीवर बघायचाय. कुठे लागतो?”

“इतकी वर्षं त्याचे सामने कुठे बघत होता?”

“रेडिओवर ऐकत होते. पण रेडिओवर गोलकीपर नसतोच रे. गोल झाला तर मारणाऱ्याचं नाव, अडवला तर हुकवणाऱ्याचं. आता तो सगळ्यांतला निवडलेला आहे. एकदा तरी बघायलाच हवा.”

प्रश्न वाटला त्याहून अवघड निघाला. आमच्या लहानपणी सामना टीव्हीवर असायचा, आणि टीव्ही घरात असायचा. आता इंग्रजी प्रक्षेपणाचे हक्क कुठल्या तरी नव्या सेवेने घेतले होते. ती इंटरनेटवरून चालते, आणि तळ्याकाठच्या रस्त्यावर इंटरनेट येतं ते थकून येतं. इर्माबाईंनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने गोड आवाजात विचारलं, “तुम्ही शहरात राहायला येण्याचा विचार केलाय का?” विचार केलेला नव्हता.

मग हॉटेलचा बार. तिथे टीव्ही तीन आहेत, पण त्याच शनिवारी बायकांच्या राष्ट्रीय कर्लिंगची उपांत्य फेरी होती आणि आपल्या जिल्ह्याचा संघ खेळत होता. बर्फावरून दगड घसरवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, असा हा खेळ. गावात त्याच्यापुढे देवाचंही चालत नाही. बारवाला म्हणाला, “इर्मा, तुझ्यासाठी मी जीव देईन. चॅनेल नाही देणार.”

त्या परत दुकानात आल्या, तेव्हा मी माझा फोन पुढे केला. त्यावर काहीतरी जमलं असतं.

“केवढा दिसेल?”

मी बोटांनी दाखवलं.

“माझ्या घरात दारातून वाकून यायचा तो,” इर्माबाई म्हणाल्या. “आता अंगठ्याएवढा बघू? राहू दे.”

एवढ्या खंबीर बाईचा चेहरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. शाळेची बस एकदा गोठलेल्या तळ्यात अर्धी उतरली होती, तेव्हाही नाही.

दुकानात मागे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आर्मां उभे होते. ते पुढे आले आणि मला म्हणाले, “त्या बाईंना सांगा, सामना फ्रेंच वाहिनीवर आहे. सगळ्यांच्या डिशवर येते ती, वेगळे पैसे नाहीत. इंग्रजांनी ते बटण कधी दाबलं नाही, म्हणून माहीत नाही.”

“त्यांना सांग,” इर्माबाई मला म्हणाल्या, “मी इंग्रज नाही.”

“त्यांना सांगा, जो फ्रेंच नाही तो मला इंग्रजच.”

“त्यांना विचार, बोलतात ते मला कळणार कसं?”

हे सगळं मी सांगण्याची गरज नव्हती. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. आर्मां यांनी गोळ्यांची पुडी खिशात घातली, टोपी कानावर ओढली.

“त्यांना सांगा, मी येईन. खुर्ची कडक पाहिजे. पाठ दुखते.”

शनिवारी दुपारी मी आधीच जाऊन छपरावरच्या डिशमधला बर्फ झाडला. हजारो मैल वर अंतराळात एक यंत्र फिरतंय, ते एका भल्यामोठ्या शहरातलं चित्र झेलतं आणि तळ्याकाठच्या एका म्हातारीच्या घरावर टाकतं, आणि हा सगळा चमत्कार केरसुणीवाचून अडतो. शिडीवर उभा राहून मी हा विचार केला आणि खाली उतरताना जरा जपून उतरलो.

आर्मां वेळेवर आले. टाय बांधला होता. इर्माबाईंनी कडक खुर्ची ठेवली होती. मांडीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली होती; रिकाम्या हातांनी टीव्ही बघणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

बटण दाबलं. आधी पडदा काळा झाला, मग एकदम उजळला. वीस हजार माणसं, छतापासून बर्फापर्यंत पेटलेले दिवे, आणि मधे तो पांढरा तळ, इतका स्वच्छ की त्यात खेळाडूंच्या सावल्याही निळ्या दिसत होत्या. इर्माबाईंनी हातातला टॉवेल तोंडावर धरला.

खेळाडू एकेक करून बाहेर येत होते, गोलकीपर तर सगळे मुखवटे चढवलेले. निवेदक नावं घेत होता, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. तरी नाव यायच्या आधीच त्या म्हणाल्या, “हा. हा बघ.” टेट बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी दाराच्या चौकटीखाली वाकला होता. ती चौकट त्याच्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच होती.

ऑल-स्टार सामन्यात कोणी कोणाला आडवं येत नाही, सगळे हसतखेळत गोल मारत सुटतात. अशा सामन्यातला गोलकीपर म्हणजे लग्नातला आचारी. बाकीच्यांची चैन, त्याची एकट्याची आग. टेटवर सुरुवातीलाच तीन गोल झाले.

“रागावतील त्याला?” इर्माबाईंनी हळूच विचारलं. या वेळी मला नाही, सरळ आर्मां यांना.

“आज कोणी रागवत नाही,” आर्मां म्हणाले. “आज सगळे पाहुणे.”

आणि मग तो फटका आला. समोरून मारल्याचं दाखवून एका खेळाडूने चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती बाजूला सरकवली, दुसऱ्याने खालून फटकावली. टेटचं तोंड दुसरीकडे होतं. चकतीकडे न पाहताच त्याचा डावा हात खाली, बाजूला गेला आणि ती हातात आली. पुस्तकातून डोकं वर न काढता, अगदी तसा. वीस हजार माणसं उभी राहिली. तेच संथ करून चार वेळा दाखवलं. दर वेळी तो हात फुलासारखा उघडत होता, आणि आम्ही तिघं चर्चमध्ये बसावं तसे बसलो होतो. इर्माबाईंच्या हातात मोज्यांचा गोळा होता. तो कधी झाला, त्यांना माहीत नव्हतं.

खेळ थांबला तसा निवेदक टेटशी बोलू लागला. अशा सामन्यात खेळाडूच्या कानात यंत्र बसवतात आणि जाळ्यात उभं असतानाच गप्पा मारतात. टेट इंग्रजीत बोलत होता, पण त्याचा आवाज दाबून वर एक फ्रेंच आवाज चढला.

“काय म्हणतो?” इर्माबाई पुढे झुकल्या.

अर्ध्या गावाला मी फ्रेंचमध्ये औषधं देतो, मला कळत होतं. टेट म्हणाला, आई-वडील वर बसलेत, कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवलाय, बर्फ जरा मऊ आहे. एवढंच. वाईट काही नाही. चोवीस वर्षांचा मुलगा वीस हजार माणसांसमोर आणखी काय बोलणार?

आर्मां यांनी घसा खाकरला.

“म्हणतो, मी हेरन फॉल्सला होतो. एका बाईंनी सांभाळलं. हरून आलो की काही विचारायच्या नाहीत.” ते थांबले. टीव्हीवर टेट केव्हाच गप्प होऊन पाणी पीत होता. “म्हणतो, शुक्रवारी वाटाण्याचं सूप असायचं. पिवळ्या वाटाण्याचं, आत हाड घातलेलं. तसं सूप मला परत कुठे मिळालं नाही.”

इर्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “एवढं बोलला?”

“फ्रेंचमध्ये लांबतं.”

आमच्या रस्त्यावर शुक्रवारी वाटाण्याच्या सुपाचा वास एकाच घरातून यायचा, आणि ते घर इर्माबाईंचं नव्हतं. हे मला माहीत होतं, त्यांना माझ्याहून जास्त. मी टीव्हीकडे बघत राहिलो. इतका वेळ मी त्या पडद्यावरच्या माणसांना थोर समजत होतो.

“हो,” इर्माबाई शेवटी म्हणाल्या. “फार आवडायचं त्याला.”

टेटचा संघ हरला. कोणी रागावलं नाही. कॉफी झाली, वेलदोड्याचा पाव झाला. आर्मां यांनी दुसरा तुकडा न विचारता घेतला.

“रेमी कुठे असतो?” इर्माबाईंनी विचारलं. ते नाव त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं.

“एडमंटनला. घरांची छपरं घालतो. उंचावरचं काम, पण घसरत नाही.”

“फोन करतो?”

“दर नाताळला. घिस्लेनच्या सुपाची कृती विचारतो. मला कुठली यायला!”

“मला येते. तिनेच सांगितली होती. सगळं चांगलं होतं तेव्हा.”

आर्मां यांनी कप खाली ठेवला. मग उठले, कोट चढवला, दाराशी जाऊन थांबले. “पुढच्या शनिवारी मॉन्ट्रियलचा सामना आहे. याच वाहिनीवर.”

“सूप करून ठेवते,” इर्माबाई म्हणाल्या. “तुम्ही या. आणि टेट काय म्हणतो ते सांगा.”

“तो खेळत नाहीये त्या सामन्यात.”

“तरी सांगा.”