उलट्या पावली

टाकमावशींचा नियम एकच: माशीला माशी. मूळ कागदावर माशी चिरडलेली असेल, तर नकलेतही ती हवी. संगीतसभागृहासाठी त्या तीस वर्षं वादकांसाठी पाश्चात्त्य स्वरलिपीच्या प्रती उतरवून देत होत्या, त्याही दौत-टाकाने. म्हणून हे नाव. वाद्य मात्र एकही येत नव्हतं. "मला सूर नाही कळत, ठिपके कळतात," असं त्या बिनदिक्कत सांगत.

एके सकाळी चार वादकांच्या नव्या रचनेचं काम आलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. पहिल्या व्हायोलिनची प्रत निम्मी झाली आणि त्यांचा हात थबकला. ठिपक्यांची ही उतरण आपण मघाशीच लिहिली. तेव्हा ती चढण होती! त्यांनी पर्समधला आरसा काढून पानाला टेकवला. आरशात आधीचं पान जसंच्या तसं उभं.

"अगं, इकडे ये," त्यांनी धाकट्या बहिणीला हाक मारली. "अर्ध्यातून सगळं उलट्या पावली मागे गेलंय."

"उलट्या पावली भुतं चालतात," बहीण म्हणाली. "चहा घे आधी."

चहा तसाच निवला. मावशींनी सूर न् सूर ताडून पाहिला. दोन ठिकाणी जुळेना. गप्प बसता आलं असतं, पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी त्या रचनाकार बाईंच्या दारात हजर.

"उलटं आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?" बाई चकित झाल्या.

"कुणी नाही. हाताला आठवलं. पण हे दोन ठिपके?"

पहिल्यावर बाई हसल्या. "हा मुद्दाम मोडलाय. सगळंच जुळलं की मला गुदमरायला होतं." दुसरा त्यांनी खोडून नीट लिहिला. "आणि ही... ही माझी डुलकी. तालमीला याल?"

तीस वर्षांत मावशी पहिल्यांदाच तालमीला बसल्या. वाजवून झाल्यावर सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"खरं सांगू? उलटं-सुलटं काही कळलं नाही मला."

"आम्हालाही वाजवताना कुठे कळतं!" चेलोवाले म्हणाले.

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"मला कुंपण लागतं," बाई म्हणाल्या. "नाहीतर वाहवत जाते."

मावशींनी तो मोडलेला सूर एकदा जुळवून, एकदा मोडून वाजवायला लावला. जुळवलेला कानाला गोड लागला. मोडलेल्याला मात्र त्यांनी मान वर केली, आणि "पुन्हा एकदा," म्हणाल्या.

तेव्हापासून त्या प्रतीसोबत प्रश्नांची चिठ्ठी पाठवू लागल्या. "तुमचं काम नुसतं उतरवून देण्याचं," असं म्हणून एका रचनाकाराने काम काढून घेतलं. मावशींनी मनावर घेतलं नाही. सध्या त्यांच्या टेबलावर चार वादकांनी आपापल्या गतीने वाजवायची रचना आहे, मात्रा मोजायच्या उभ्या रेघाच नसलेली. ती कशी चालते ते बघायला त्यांनी बहिणीच्या हातात चमचा आणि वाटी दिली आहे.

"मी कधी थांबू?" बहीण विचारते.

"तेच तर बघायचंय," मावशी म्हणतात, आणि स्वतःचा चमचा उचलतात.