पायरीवरचं एक मिनिट

इथले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला उलटे पाय... आणि मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडलेला असतो! माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, काम साउंड रेकॉर्डिंगचं. आमचे हे म्हणतात, तुझ्यापुढे देव प्रगट झाला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील. तर अशी मी. आणि आज माझ्याकडे दोन फाइल्स आहेत, ज्यांचं काय करावं ते मला कळत नाही. म्हणून लिहितेय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, मीही हसले असते.

मी लातूरची. आम्ही चारपाच जण मिळून खेड्यातल्या पोरापोरींसाठी फिल्मची शिबिरं घेतो. गोष्ट त्यांची, कॅमेरा त्यांच्या हातात, आम्ही फक्त बटणं दाखवायची आणि मधून मधून ओरडायचं (ते काम माझं). गेल्या वर्षी हरभरा घाट्यावर आला होता, तेव्हा औसा तालुक्यातल्या एका गावात होतो. नाव देत नाही, माणसं हयात आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपात तेरणा नदीकडचं जुनं गाव पडलं ते पडलंच. हे नवं गाव नंतर वसवलेलं... सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. पोरांनी फिल्मसाठी विषय निवडला: जुनं गाव. त्यांच्यातल्या एकानंही ते नांदतं पाहिलेलं नव्हतं.

आवाजाचं काम शिवलीलाकडे होतं. बारावीतली मुलगी, कमी बोलायची, पण कान तयार. तिचे आजोबा महादप्पा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांचं जुन्या गावात किराणा दुकान होतं आणि मागेच घर. भूकंपाच्या रात्री आप्पा माल आणायला लातूरला मुक्कामी होते. मुलगा, म्हणजे शिवलीलाचे वडील, उदगीरला बोर्डिंगात. घरी बायको एकटी. महानंदा तिचं नाव. ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही.

शिवलीलाला फिल्ममध्ये ही आजी हवी होती. बाकी काही नको होतं तिला. आणि आजीबद्दल सांगू शकेल असा माणूस एकच.

"आप्पा, येवढंच सांगा, आज्जी कशी व्हती?"

"चांगली व्हती," आप्पा म्हणाले आणि गिऱ्हाइकाची साखर तोलायला लागले.

मी मध्ये पडून पाहिलं. "बाई, दुसरं काय बी इचारा," ते मला म्हणाले. "तितलं इचारू नका." तिचं क्रियाकर्म उरकून ते जे निघाले, त्यानंतर त्यांनी जुन्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. शेतात जायचे ते पण वळसा घालून. पोरगी हिरमुसली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? तोंडातून चार शब्द काढायला काय जातं, असं वाटत होतं.

मग आप्पांना वगळून आम्ही जुन्या गावात शूटिंग केलं. ढळढळीत दुपार. वेडी बाभूळ माजलेली, दगडांचे ढीग, चिटपाखरू नाही. आमच्या कामात एक रिवाज असतो. जिथे शूटिंग केलं तिथली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. एडिटिंगमध्ये दोन आवाजांच्या फटी बुजवायला ती लागते. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, खोकायचं नाही, चप्पल वाजवायची नाही. शिवलीलानं रेकॉर्डर एका दगडावर ठेवला, सपाट दिसला म्हणून. मी "शांतता" म्हणाले. मिनिट झालं. हेडफोन तिच्या कानाला होते. म्हणाली, "वारं हाय मॅडम, बाकी काय न्हाई."

संध्याकाळी आप्पांच्याच ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो. सोबत इम्रानभाई, आमचे कॅमेऱ्याचे मास्तर, उदगीरचे. त्यांच्या घरात वडिलांपासून फोटो स्टुडिओ. शिवलीलानं ती शांतता लावली... आणि त्यात खर्र, खर्र, खर्र असा आवाज. एका लयीत. मध्येच थांबायचा, परत सुरू.

मी चिडले. कार्ड फॉरमॅट न करता वापरलंस ना, म्हणून पोरीवर तोंड टाकलं. मग आठवलं की सकाळी कार्ड मीच फॉरमॅट केलं होतं.

"ताई, बाभळीच्या शेंगा हायत त्या," इम्रानभाई म्हणाले. "सुकल्या की हवेनं ऐसेच वाजतात." मला पटलं. अगदी मनापासून पटलं. म्हटलं, घ्या, आपला प्रश्न मिटला.

तेवढ्यात आतल्या दारात आप्पा दिसले. हात पिठाने भरलेले, तसेच उभे. लॅपटॉपकडे बघत नव्हते, खाली बघत होते.

"आता कडंला गेली," ते म्हणाले.

आवाज खरंच थोडा लांब गेला.

"आता पायरीवर आपटंल."

टक. टक. टक.

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या लेखात वाचलं होतं.

"हे आता थांबत न्हाई," आप्पा म्हणाले, आणि ते टक टक फाइल संपेपर्यंत खरंच थांबलं नाही.

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. कुणी काही विचारलं नव्हतं, पण बोलायला लागले. "माजी झोप लई जड. ही पहाटं उटून दुकानाम्होरं खराट्यानं झाडायची. झाडून झालं की खराटा पायरीवर आपटत बसायची. मी 'उठलो गं' म्हणूस्तोर सोडायची न्हाई. लोकं हसायची, महादप्पाला गजराचं घड्याळ लागत न्हाई म्हून." हाताचं पीठ झटकत म्हणाले, "त्या दिशी कोण उठवणार आन कोण उठणार!"

आणि इतक्या वर्षांनी तो माणूस हमसून रडला. शिवलीला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कॅमेरा समोरच होता, पण तो चालू करावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

त्यानंतर मी माझं डोकं चालवून पाहिलंच. वडिलांकडून ऐकून शिवलीलानं गंमत केली असेल? पण रेकॉर्डर माझ्या डोळ्यांसमोर होता. इम्रानभाईंच्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरही तेच मिनिट होतं. त्यावर नुसता वारा. शेंगा वाजल्या असत्या तर दोन्हीकडे वाजल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा धुतलेलं धोतर, टोपी घालून दारात तयार. "चला," म्हणाले, "मला तितं न्या."

जीप गावकुसाबाहेर थांबली. कुणालाही न विचारता ते बाभळीतून वाट काढत सरळ गेले आणि एका दगडापाशी थांबले. शिवलीलानं रेकॉर्डर ठेवलेला तोच सपाट दगड. दुकानाची पायरी होती ती. आप्पा तिच्यावर बसले, हात गुडघ्यांवर. नात म्हणाली, "मॅडम, परत एक टोन घ्यायचा का?" तिच्या मनात काय होतं ते कळत होतं. मी हो म्हटलं. रेकॉर्डर आप्पांच्या शेजारी ठेवला. कॅमेरा लावला. यावेळी हेडफोन मी घातले... पोरांवर काही सोडायचं नाही म्हणून.

"शांतता."

वारा. लांब कुठेतरी ट्रॅक्टर. दुसरं काही नाही. देवाशप्पथ काही नाही. (हो, मी शपथ घेतेय!) मिनिट अर्ध्यावर आलं असेल आणि आप्पा बोलले.

"उठलो गं," ते म्हणाले. "उठलो."

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? टेक बिघडला! सवयीनं तसं तोंडावर आलंही होतं, नशीब गिळलं. आप्पा उठले, धोतर झटकलं, पायरीवर दोन्ही हात टेकवून ते कपाळाला लावले आणि जीपकडे चालायला लागले. येताना काठी टेकत आले होते. जाताना ती काखेत होती.

फाइल मी गावात आल्यावर ऐकली. सुरुवातीपासून टक टक टक, स्पष्ट, अगदी जवळ. मग आप्पांचा आवाज, "उठलो गं." त्यावर आणखी एकदा, हलकेच, टक. "उठलो." आणि बंद. पुढे मिनिट संपेपर्यंत नुसता वारा आणि ट्रॅक्टर. कॅमेऱ्याच्या माइकवर आप्पा आहेत, वारा आहे, ट्रॅक्टर आहे. टक टक नाही. मी तर हेडफोन लावून बसले होते. त्याच रेकॉर्डरचे हेडफोन. मला ऐकू आलं नाही ते कार्डावर आलं कुठून?

फाइल दोन जाणत्या मित्रांना दाखवली. एक म्हणतो वायरमधला दोष, दुसरा म्हणतो कार्डातला. पण दोष असा एका शब्दावर थांबतो का? उत्तर शोधणं मी सोडलेलं नाही, पण आता ओरडून सांगतही नाही की असं काही नसतंच.

फिल्म पूर्ण झाली. देवळासमोर पडदा लावून दाखवली, आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यात ते आजीबद्दल बोलतात, भरभरून बोलतात. ते मिनिट मात्र आम्ही घातलेलं नाही, शिवलीला नको म्हणाली.

पण ती फाइल तिनं आप्पांना ऐकवायची फार धडपड केली. जुन्या गावातून आलो त्याच संध्याकाळी हेडफोन घेऊन दुकानात गेली. मी दारातच होते. आप्पा शेंगदाणे निवडत होते. त्यांनी हेडफोन हातानं बाजूला सारले.

"मला कामून ऐकवतीस, पोरी?" ते म्हणाले. "मी व्हतो की तितं."