बिनचष्म्याचा चष्मेवाला

माझ्या मामाला युद्धात दोन पदकं मिळाली, आणि दोन्ही वेळा आजोबांनी पत्रातून एकच प्रश्न विचारला, "मग दुकानात परत कधी येणार?"

आमचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट, आरसा आणि गिऱ्हाइकाची उंच खुर्ची. मागे पडदा सारला की काचा घासायची खोली. मामा त्या खोलीत वयाच्या पंधराव्या वर्षापासून बसायचा. पायानं चाक फिरवायचं, हातानं काच धरायची आणि ओल्या पावडरीनं ती घासत राहायचं. घासून झालेली काच तो खिडकीशी नेऊन डोळ्यासमोर धरी, तिच्यात कुणालाही न दिसणारा ओरखडा शोधून काढी आणि पुन्हा चाकावर जाऊन बसे. आजोबा वैतागत. "अरे, गिऱ्हाइकाला तेवढं दिसत असतं तर तो आपल्याकडे कशाला आला असता?"

युद्ध सुरू झालं तेव्हा मामा चोवीस वर्षांचा होता. एका सकाळी "जरा फ्रेमचे स्क्रू घेऊन येतो" असं सांगून तो बाहेर पडला आणि थेट हवाई दलाच्या भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. का गेलास, असं विचारलं की तो दर वेळी वेगळं कारण सांगायचा. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, म्हणायची, "पावडरीचा कंटाळा आला होता त्याला. बाकी काही नाही."

भरतीच्या डॉक्टरांनी त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं केलं. मामानं शेवटची ओळ वाचली, मग तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नाव वाचलं आणि लगे हात पत्ताही वाचला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "पाठ करून आलास?"

"पाठ आहेच साहेब. नऊ वर्षं हाच तक्ता आमच्या दुकानात टांगलाय."

खरं बोलून बसायची ही खोड त्याला जन्मभर नडली. डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून खिडकीशी नेलं. रस्त्यापलीकडे, चार इमारती सोडून, एका गच्चीवर कपडे वाळत होते. "तिथे काय दिसतंय ते सांग."

"दोन चादरी, एक परकर आणि एक निळा सदरा. सदऱ्याचं तिसरं बटण तुटलंय."

डॉक्टरही हट्टाला पेटले. त्यांनी शिपायाला तिकडे पिटाळलं. तो तीन जिने चढून, उतरून, धापा टाकत परत आला. "साहेब, तिसरं नाही, चौथं बटण तुटलंय."

"तुम्ही कॉलरकडून मोजलंत," मामा म्हणाला. "सदरा उलटा टांगलाय. मी वरून मोजलं."

शिपायानं बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला. घरी आजोबांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "स्क्रू आणलेस का?"

विमानाशी मामाचं सुरुवातीला काही केल्या जमेना. पहिल्यांदा एकट्यानं उतरवायची वेळ आली तेव्हा त्याचं विमान धावपट्टीवर तीनदा उसळलं. शिकवणारे साहेब वही उघडून उभेच होते. "यातलं कुठलं उतरणं लिहू?" त्यांनी विचारलं. पण हळूहळू हात बसला, आणि सात-आठ महिन्यांनी मामाची लढाऊ विमानांच्या तुकडीत नेमणूक झाली.

तिथे त्याचं नाव पडलं 'चष्मा'. तुकडीतल्या एकाही वैमानिकाला चष्मा नव्हता, त्यामुळे नावाचा घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. त्याचं पहिलं भांडण शत्रूशी नाही, स्वतःच्या मेकॅनिकशी झालं. या मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणत. एका सकाळी पान्यानं बघितलं तर मामा विमानाच्या नाकावर ओणवा होऊन पुढची काच घासत बसला होता.

"उतरा खाली! माझ्या विमानाला हात लावायचा नाही."

"तुमचं विमान?"

"तुम्ही दिवसातून दोन तास नेता. बाकीचे बावीस तास ते कुणाकडे असतं?"

"बरं, विमान तुमचं. पण काचेवर सतरा ओरखडे आहेत. उद्या समोरून कुणी आलं तर मी विमान बघू की ओरखडा?"

पान्यानं काचेला नाक लावून पाहिलं. त्याला पाच दिसले. दुपारी मात्र तो स्वतःच एक वाटी आणि मऊ फडकं घेऊन आला आणि म्हणाला, "दाखवा, कसं घासायचं ते." महिन्याभरात तुकडीतल्या सगळ्या विमानांच्या काचा अशा लखलखू लागल्या की एक वैमानिक विड्याची पिचकारी मारायला गेला आणि बंद काचेवर तोंड आपटून बसला.

मग खरी लढाई सुरू झाली. पहिल्याच खेपेला मामा रेडिओवर ओरडला, "आले! बारा आहेत, उजवीकडे, आपल्याहून वर!" बाकी कुणाला काही दिसेना. तुकडीचे साहेब म्हणाले, "चष्मा, काच पूस." त्यानं काच स्वतःच पुसली होती, म्हणून तो अडून बसला. अर्ध्या मिनिटानं सगळ्यांना ठिपके दिसले. तोवर साहेबांनी, बघू तरी म्हणून, तुकडी वर चढवली होती, आणि ऊन आपल्या पाठीशी आणि शत्रूच्या डोळ्यांवर आलं होतं. त्या दिवशी आपल्यातले सगळे परत आले. पुढे साहेब विमानं निघण्याआधी एवढंच म्हणत, "चष्मा माझ्या शेजारी." सहा महिन्यांत त्यानं शत्रूची पाच विमानं पाडली. पहिलं पदक त्याबद्दलचं.

त्या पाच विमानांविषयी मामा बोलत नसे. मी कॉलेजात असताना एकदाच बोलला. "लांबून ठिपका असतो," तो म्हणाला, "आणि जवळ आला की माणूस असतो. बाकीच्यांना तो उशिरा दिसायचा, मला लवकर." एका वैमानिकाला नुकती मिसरूड फुटत होती, हे त्याला दिसलं होतं. तो पेटत्या विमानातून उडी टाकून बाहेर पडला, तेव्हा त्याची हवाई छत्री उघडेपर्यंत मामा तिथेच घिरट्या घालत राहिला आणि त्याबद्दल साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. "आणि बाकीचे चार?" मी विचारलं. "दोघांच्या छत्र्या उघडल्या नाहीत," असं म्हणून तो उठला आणि दुकानाचं शटर ओढायला गेला. सूर्य अजून मावळलाही नव्हता.

आता लंबूविषयी. हा मामाचा तुकडीतला जिवलग दोस्त. कॉकपिटमध्ये बसला की गुडघे कानाला लागायचे. हाच लंबू पुढे माझा बाप झाला. पण त्या वेळी तो माझा कुणीच नव्हता, म्हणून लंबूच म्हणते.

एका दुपारी चकमकीत लंबूच्या विमानाची पुढची काच फुटली आणि तिचे कण त्याच्या डोळ्यांत गेले. रेडिओवर त्याचा आवाज आला, "चष्म्या, मला काही दिसत नाही." उडी मारायची सोय नव्हती; छताचा सांगाडा वाकून अडकला होता.

मामा त्याच्या पंखाला पंख लावून उडू लागला. त्याला घाम फुटला होता, पण तोंडातून बाहेर पडला तो दुकानातलाच आवाज, जो तो चष्म्याची पहिली वेळ असलेल्या घाबरट गिऱ्हाइकासाठी काढत असे. "घाई नाही. आरामात बसायचं. मान सरळ. आता नाक थोडं वर... थोडं म्हटलं की थोडंच, हं... छान. डावा पंख खाली गेलाय, उचल. हं, आता कसं वाटतंय?"

"कसं वाटायचंय? आंधळं वाटतंय!"

"चिडायला जमतंय म्हणजे प्रकृती ठीक आहे. चाकं खाली घे."

बावीस मिनिटं तो असा बोलत राहिला. खाली तळावर सगळे रेडिओभोवती जमले होते. धावपट्टी आली, मामा तिच्या कडेकडेनं बरोबर खाली उतरत गेला. "अजून जरा. अजून. आता इंजिन बंद कर... हातातला दांडा मागे ओढ." लंबूचं विमान टेकलं, एकदाच उसळलं, वाकडं धावलं आणि गवतात जाऊन थांबलं. पाना शिडी घेऊन धावला आणि त्यानं पहारीनं छत उचकटलं. मामा स्वतः उतरला तेव्हा त्याचा घसा बसला होता. तीन दिवस तो खुणांनी जेवण मागत होता.

हे दुसरं पदक.

त्यानंतर महिन्याभरातच मामाचंच विमान पडलं. इंजिनाला आग लागली, यानं उडी टाकली, छत्री नीट उघडली आणि वाऱ्यानं वाहवत नेऊन त्याला एका सार्वजनिक बागेतल्या काचघराच्या छपरातून आत सोडलं. रोपांच्या कुंड्यांमध्ये, काचांच्या ढिगात, तो मोडक्या पायानिशी पडला होता. झारी हातात घेतलेला म्हातारा माळी त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"दार तिकडे आहे," माळी म्हणाला.

मग त्यानं झारी ठेवली, अंगरखा काढून मामाच्या डोक्याखाली घातला आणि मदत येईपर्यंत त्याचा हात धरून बसला. मधूनमधून मात्र तो विचारत होता, "पण काचघरच कशाला निवडलंत?"

लष्करी इस्पितळात मामाला खाट मिळाली ती नेमकी लंबूशेजारची. एकाचा पाय प्लास्टरमध्ये, दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. तिथेच एक पांढऱ्या मिशांचे सेनाधिकारी दुसरं पदक लावायला आले. त्यांनी ते मामाच्या सदऱ्यावर तिरकं लावलं, नंतर आणखी तिरकं, आणि शेवटी मामाला टोचलं.

"साहेब," मामा हळूच म्हणाला, "जवळचं दिसायला त्रास होतो का?"

सोबतचे अधिकारी गोठले. पांढऱ्या मिशा त्याच्या कानाशी वाकल्या. "दुकान कुठे आहे तुमचं?" त्यांचा चष्मा आजोबांनी केला, आणि ते गिऱ्हाईक शेवटपर्यंत टिकलं.

आई दर रविवारी भावाला भेटायला येई. भावाशी बोलून संपलं की शेजारच्याला त्याची पत्रं वाचून दाखवी. पुढे पुढे ती आधी पत्रं वाचू लागली. एका रविवारी ती गेल्यावर लंबूनं विचारलं, "चष्म्या, खरं सांग. तुझी बहीण दिसते कशी?"

"नाक माझ्यासारखं आहे," मामा म्हणाला.

लंबूनं उशी तोंडावर ओढली. पट्टी निघाली तेव्हा डाव्या डोळ्यानं कायमची रजा घेतली होती, पण उजव्याला दिसू लागलं होतं. आई समोरच उभी होती. लंबूनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान वळवून मामाला म्हणाला, "लबाडा."

तर असं माझ्या आईबाबांचं लग्न जमलं. मामा लंगडत दुकानात परतला आणि मागच्या खोलीत चाकावर जाऊन बसला. पदकं आजीनं कपाटात ठेवली. त्यानं ती पुन्हा मागितली नाहीत. विमानातही तो परत कधी बसला नाही; बसला तो थेट म्हातारपणी, माझ्या भावाकडे जायचं ठरलं तेव्हा. प्रवासी विमान होतं. आईची ती पहिलीच वेळ. उड्डाण झाल्यावर तिनं मामाचं मनगट गच्च धरलं.

"दादा, तो पंख हलतोय. हलायचाच असतो ना तो?"

"हो."

"नक्की?"

"मला काय माहीत? असल्या बसमध्ये मी कधी बसलोय?"

आईनं त्याच्याकडे रागानं पाहिलं, पण मनगट सोडलं नाही. मामानं दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.